हमरस्त्याकडेची पाटी

दर तिसऱ्या उन्हाळ्यात मला इकडे पाठवतात
काउंटीच्या पिवळ्या पिकअपमधून.
सोबत पांढुरक्या रंगाचा डबा, बारीक ब्रश,
गुडघ्यांखाली घ्यायला चर्चच्या बाकावरची जुनी उशी.

गाव इथे नाही. गाव चार मैल आत आहे.
आधी रस्ता गावातूनच जायचा,
मग तो सरळ केला
आणि पाटी गावासोबत न राहता
रस्त्यासोबत निघून आली.
लोक गाडी थांबवतात, वाचतात, मान वर करतात,
तर समोर सोयाबीन आणि वारा.
"हे ओस्टगार्ड आहे कुठे?" मला विचारतात.
मी ब्रशने दाखवते. एक थेंब गवतावर पडतो.

पाटी म्हणते :
अठराशे त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात
हालवर ओस्टगार्ड यांच्या गाडीचा आस येथे मोडला.
या निर्मनुष्य माळावर त्यांनी
व त्यांच्या पत्नीने गाव वसविले.

अक्षरं ओतीव, उठावाची. मला लिहायचं काहीच नसतं.
मी फक्त गिरवते,
पहिलीतल्या पोरीसारखी, जीभ किंचित बाहेर.

फेझंटच्या हंगामात पोरं पाटीवर नेम धरतात.
एकदा सालातल्या दुसऱ्या आठाचा खालचा डोळा फुटला
आणि आठाचा नऊ झाला.
त्या पोराच्या नेमावर भरवसा ठेवून
आम्ही शताब्दी दहा वर्षं उशिरा केली.
कर्मिट डालागर महापौर म्हणून ट्रॅक्टरवर बसला,
हायस्कूलच्या बँडने तीनच गाणी वाजवली, तीही दोनदा.
ज्यांना खरं साल ठाऊक होतं
त्यांनी बटाट्याची पोळी साखर लावून खाल्ली
आणि गप्प राहिले.

"पत्नी" या शब्दापाशी माझा हात हळू होतो.
चर्चच्या वहीत तिचं नाव आहे, सिग्ने.
वय एकोणीस. पुढे तीन वर्षांनी, एकाच आठवड्यात,
दोन ओळी, दोन छोटी नावं,
शाई तीच, अक्षर मात्र वाकडं झालेलं.
मी राजधानीच्या ऑफिसला फोन केला.
"पाचच अक्षरं आहेत," म्हटलं.
माणूस सभ्य होता. म्हणाला, पाटी नव्याने ओतावी लागेल,
अक्षरागणिक दर आहे, आणि
तशीही जागा उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट.
आमचे आजोबा सांगायचे की आस उगाच नव्हता मोडला,
चाक चाकोरीत रुतलं होतं, खोल, जुन्या, पावसाने खाल्लेल्या.
किती वर्षं मी ती गोष्ट ऐकली
आणि किती वर्षं हा शब्द गिरवला : निर्मनुष्य.
दोन्ही एकमेकांशेजारी कधी ठेवून पाहिलं नाही.

डार्विन रेडस्टोन आमच्याच खात्यात, कडेचं गवत कापतो.
यंदा त्याने मशीन बंद केलं, थर्मासमधली कॉफी मला दिली.
मी विचारलं. त्याने पाटी वाचली नाही,
त्याला पाठ असावी.
"आमची माणसं झऱ्याकडे जायची इथून," म्हणाला,
"वाट होती म्हणून तर तुमची गाडी आली."
टोपण घट्ट लावलं आणि
पुन्हा गवत कापायला गेला,
पाटीच्या खांबाभोवती फार जपून,
एक काडी उभी न ठेवता.

मी साल रंगवलं. गोळीचं भोक बुजवलं.
हालवर झाला, आस झाला, ऑक्टोबर झाला.
"पत्नी"ला दोन हात दिले.
आणि मधला तो एक शब्द तसाच सोडला,
पितळेच्या रंगात पितळ,
उन्हात जेमतेम दिसतो.
रस्त्यावरून आता वाचायला येतं :
या … माळावर.

ऑफिसच्या वहीत लिहिलं, रंग संपला.
डब्यात बोटभर होता.
घरी जाताना आईच्या फाटकापाशी थांबले
आणि टपालपेटीवरचा पुसट सात
नीट करून दिला. कधीपासून मागे लागली होती.