वांक

सात महिने मी म्हणत होते, वास येतोय.
हे म्हणत होते, कसला?
दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून यांच्या नाकाला
ना फोडणी कळते, ना उदबत्ती.
त्यामुळे घरात फिर्यादी मीच
आणि साक्षीदारही मीच.

सकाळी ओट्यापाशी गेलं की
सिंकच्या जाळीतून वर यायचा,
नासक्या अंड्याचा, कुजक्या शेवाळाचा,
अनोळखी मोऱ्यांचा.
खालच्या दोन मजल्यांनी रात्री काय खाल्लं
ते मला चहाआधी कळायचं.

सोडा टाकला, आधणाचं पाणी ओतलं,
लिंबाच्या साली, डांबरगोळ्या,
मंगळवारी कापूर.
जाळीवर वाटी पालथी घातली,
वाटीवर वरवंटा ठेवून झोपले.
वास वाटीला वळसा घालून आला.

"तुझ्या मनात आहे," हे म्हणाले,
आणि पेपरची घडी अगदी काटकोनात घातली.
मग मी माझा पदर हुंगला. हात हुंगले.
फ्रिज तीनदा पुसला.
भाऊबीजेला नणंद आली, काही बोलली नाही,
फक्त ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसली.
त्या रात्री मला रडू आलं
आणि थोडं बरंही वाटलं.
म्हणजे होता तर.

खंडेराव मार्केटच्या मागून कनुभाई आले.
साठीचे, गुडघ्याला पट्टा,
पिशवीत पाना, करवतीचं पातं आणि ममऱ्याची पुडी.
ओट्याखालचं फिनाईल, चाळण, रिकाम्या बरण्या
बाहेर काढून ठेवल्या, आडवे झाले,
टॉर्च दातांत.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
मग आतून आवाज आला,
"बेन, अहीं तो वांक ज नथी."

तीन पिढ्या बडोद्यात काढल्या आम्ही,
भाव करते मी गुजरातीत, भांडते गुजरातीत,
तरी क्षणभर अडखळले.
वांक म्हणजे दोष.
वांक म्हणजे वळणसुद्धा.
बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले,
"ऐकलंस? दोष नाहीच म्हणतोय तो!"

कनुभाई रांगत बाहेर आले.
हातात पाईप, सरळसोट, पट्टीसारखा.
"कोणी बसवला हा?"

चाळीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात
टी-स्क्वेअर धरलेला माणूस
खिडकीबाहेर बघू लागला.
गेल्या उन्हाळ्यात तुंबत होतं म्हणून
यांनीच काढून फेकलं होतं ते वाकडं नळकांडं.
उगाच कशाला फेरा, म्हणाले होते.
पाणी कसं सुसाट जातं ते दाखवायला
शेजारच्या इलाबेनना बोलावलं होतं.

"पाणी सुसाट जातं ना साहेब,
त्याच वाटेनं गटार सुसाट येतं."
कनुभाईंनी ओल्या बोटानं फरशीवर
एक आकृती काढली. मला ती अवग्रहासारखी दिसली,
अक्षर लांबवायची खूण.
"या पोटात वाटीभर पाणी अडून राहायला पाहिजे.
उष्टं, खरकटं, कसलंही.
तेच दार."

इतकंच.
एवढ्या मोठ्या शहराची घाण
वाटीभर थांबलेल्या पाण्यानं अडते.

तीनशे ऐंशी रुपये झाले, ट्रॅप धरून.
भिंतीतल्या पाईपभोवतीची फट
पांढऱ्या सिमेंटनं बुजवली, ते फुकट.
जाताना बजावलं, महिनाभर गावाला गेलात
तर ते पाणी सुकेल,
परत आलात की आधी तांब्याभर ओता.

संध्याकाळी हे ओट्यापाशी आले,
माझ्याकडे न बघता
सिंकवर वाकून उगीच नाक लावलं.
ज्या नाकाला काही कळत नाही, तेच.
"आता?" म्हणाले.

मी भांडी विसळत होते.
वास नव्हता.
पण उत्तर जरा अडवून धरलं,
वाटीभर.