एकोणसाठ

मार्लिस हॉगन, बिलिंग. दारावर एवढंच.
दारापलीकडे डॉक्टर रेने कोवाल्की लोकांचे मणके जागेवर बसवते,
अलीकडे मी तेच मणके रकान्यांत बसवते.
खिडकीतून दुलुथचा धक्का दिसतो.
खनिजाची बोट लागली की काचेवर तांबूस धूळ,
ती पुसायचं काम कुणाच्याच यादीत नाही.

आज सकाळी ऑरिन टेस्डाल येऊन गेला.
क्रेनच्या काचघरात एकतीस वर्षं,
मान कायम खाली आणि डावीकडे,
उजवीकडे वळायचं विसरलेली.
फाइल म्हणते:
मानेचा मणका बसवला, आवाज आला. अठ्ठ्याण्णव नऊशेचाळीस.
मग हातांनी दाबून, ताणून, आखडलेले स्नायू सैल केले,
बारा मिनिटं. सत्त्याण्णव एकशेचाळीस.
आठ मिनिटांच्या आत हात उचलला
तर तो हात लावलाच नव्हता असं धरतात.
बारा, म्हणजे धरतील.
पण कुठे लावला?

विमा कंपनीला माणूस म्हणजे गावांचा नकाशा:
मान एक गाव, पाठ दुसरं, कंबर तिसरं.
एकाच शिवेत दोन कामं केलीत
तर दुसरं काम पहिल्याच्या पोटात गेलं.
शीव ओलांडली असेल
तर कोडच्या शेपटीला एकोणसाठ बांधा.
एकोणसाठ म्हणजे शपथ:
हे वेगळं, ते वेगळं,
इथे होतो तेव्हा तिथे नव्हतो.

ऑरिनच्या दुखण्याला शीव ठाऊक नाही.
ते कानामागून निघतं, मानेवरून उतरतं,
खांद्याच्या फऱ्यावर टेकतं,
रात्री तीनला कोपरापर्यंत जाऊन येतं
आणि वाटेत कुणालाच सही देत नाही.

मी एकोणसाठ टाइप करून ठेवलं होतं,
सवयीनं.
मग फाइल पुन्हा वाचली. दोन्ही ओळींत मान.
खांदा एकदाही नाही.
एका शब्दाचा प्रश्न, एकेचाळीस डॉलरचा.
जागेच्या भाड्याला त्या खांद्यानं
थोडा तरी खांदा दिला असता.

आतल्या फोनवर विचारलं,
"टेस्डाल. बारा मिनिटं. तू कुठे होतीस?"
पलीकडे नळ वाहत होता.
"मानेवर."
"खांद्याकडे गेलीच नाहीस? जरासुद्धा?"
नळ बंद झाला.
"जायचं होतं गं. पण मान सोडवेना.
आत्ता कुठे ती ऐकायला लागली होती."
मी गप्प.
"मार्लिस, खांदा लिहू नकोस."

नाही लिहिला.
एकोणसाठ खोडलं, बाकी जसं झालं तसं पाठवून दिलं,
आणि दुपारभर तिचा राग केला,
कारण राग करायला तीच जवळ होती.

तीन आठवड्यांनी ऑरिन आला,
जाकिटाच्या खिशातून चौघडी घातलेलं पत्र काढलं.
"दुसरी सेवा पहिलीत समाविष्ट आहे,"
त्यानं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं.
"म्हणजे, दोनातलं कुठलं झालंच नाही?"

मी म्हटलं, दोन्ही झाली.
"मग?"
मी सांगायला लागले, गावं, शिवा, मिनिटं,
तुला काही भरायचं नाही, ते आम्ही सोडून दिलं,
आणि बोलता बोलता पाहिलं,
तो खिडकीकडे बघतोय.
खिडकी त्याच्या उजव्या हाताला.
खुर्ची हलली नव्हती, खांदे हलले नव्हते,
नुसती मान.

"आज दोन बोटी लागल्यात," म्हणाला.
"मला वाटलं, एकच."

पत्र टेबलावर विसरून गेला.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं
घरच्या हीटरच्या तेलाचा हिशेब,
दोनदा केलेला,
दोन वेगळी उत्तरं.