काचेचा कोपरा

बालिक्चीच्या थांब्यावर ती सगळ्यांत शेवटी चढली,
आणि तिच्या आधी चढली तिची काच.
जुन्या चादरीत गुंडाळलेली, सुतळीनं आवळलेली,
उंचीला माणसाच्या छातीइतकी,
सोळा जणांच्या गाडीतली एकोणिसावी उतारू.

ड्रायव्हर तलायनं कपाळाला हात लावला.
टपाकडे पाहिलं, पुढच्या रस्त्याकडे पाहिलं,
मग पुढच्या सीटवरचं आपलं कलिंगड उचललं
आणि मागे कुणाच्या तरी मांडीवर दिलं.
जागा झाली.

काच आडवी नेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.
आडवी ठेवली की स्वतःच्याच वजनानं मोडते.
ती उभीच न्यावी लागते
आणि वाटभर कुणीतरी धरावी लागते.

कोण धरणार, असं कुणी विचारलं नाही.
एका म्हातारबाबांनी खालची कड बुटांमध्ये घेतली.
उंच पांढरी टोपी त्यांच्यात जमिनीला लावत नाहीत,
म्हणून अंगातला कोट काढला, घडी घातली,
काचेखाली सारला आणि बंडीवर कुडकुडत बसले.
कांद्यांच्या पोत्यावरल्या अनारकुलनं मधली बाजू धरली,
कानात वायरी खुपसलेल्या एर्निसनं वरचं टोक,
गाणं बंद न करता.

उरला एक कोपरा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे त्यांच्या भाषेतले तीनच शब्द होते,
पाणी, किती, आणि रहमत.
रहमत म्हणजे तिथे आभार.
तिनं, बूरुल आपानं, माझा हात मनगटाशी धरला
आणि काचेच्या कोपऱ्यावर ठेवला,
देवळात कडेवरच्या मुलाचा हात
घंटेला लावतात तसा.

त्या महिन्यात लोकांनी मला खूप दिलं होतं.
चहा, अंथरूण, एकानं तर पायातले मोजे.
घेऊन घेऊन ओशाळलो होतो मी.
सांभाळायला मात्र
पहिल्यांदाच कुणी काही दिलं.

डोलोनचा घाट सुरू झाला.
तलाय ओरडायचा, ‘चुंकुर!’
आणि सगळी गाडी श्वास धरायची.
चुंकुर म्हणजे खड्डा. माझा चौथा शब्द.
सतराव्या चुंकुरानंतर मी मोजणं सोडलं.
तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतो आपण;
इथे अनोळखी आठ तळहात होते
आणि फोड एकच.

अनारकुलनं हातवाऱ्यांनी मला गोष्ट सांगितली:
खिडकी. गेला हिवाळा. प्लास्टिकचा कागद, फडफड फडफड.
मुलगा लांब, रशियात, विटा.
त्याचा पहिला पगार, ही काच.
मला बोलायचं होतं, पण हात गुंतलेला,
नाकाला खाज सुटलेली.
तिनं मोकळ्या हातानं खारट दह्याचा एक गोळा
न विचारता माझ्या तोंडात कोंबला.
प्रश्न तिथेच मिटला.

ओत्तुकला सगळेच उतरले,
ज्यांना उतरायचं नव्हतं तेही.
फाटकाशी तिनं सुतळी सोडली, चादर बाजूला केली,
आणि पलीकडचा डोंगर
अचानक अंगणात उभा राहिला.

खालच्या कोपऱ्याला तडा होता.
बोटाच्या पेराएवढा.
माझाच कोपरा.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हातारबाबा कोट झटकू लागले, उगाच, बराच वेळ.
तिनं वाकून तड्यावरून नख फिरवलं,
काहीतरी बोलली, आणि सगळे हसले.
एर्निसनं कानातली एक वायर काढली,
मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं:
‘ती म्हणते, तेवढं तर चौकटच झाकते.’

मी रहमत म्हणालो.
माझ्या आधी तीच म्हणाली होती.

गाडी सुटल्यावरही कितीतरी वेळ
माझा हात तसाच होता, हवेत, काहीतरी धरल्यासारखा.
मागून कुणीतरी खांद्यावर टकटक केलं
आणि त्या हातात
कलिंगड ठेवलं.