तीन षटकं, चार चेंडू

चिनावलच्या पॅकहाऊसवर वैशाखात आला
फिनबार कोकली, मुक्काम कॉर्क, आयर्लंड.
केळाची लांबी मोजायची पट्टी खिशात,
नाकावर पांढरं मलम.
दोन दिवसांत गावानं त्याचा कोकळे केला.
आमच्यात कोकळे नाहीत; रोझोद्याकडे असतील,
म्हणाले आप्पा झांबरे.

फणी उचलायचा, उजेडात धरायचा,
सालीवर तिळाएवढा डाग दिसला
की 'नो' म्हणायचा, पण असा
की केळाला वाईट वाटू नये.
बाजूला काढलेल्या मालाची ट्रॉली
संध्याकाळी वेफर्सवाल्याकडे जायची.

रमजान तडवीनं सहज मोबाइलवर नाव टाकलं
आणि फण्या धुणाऱ्या बायांपर्यंत बातमी गेली:
साहेब देशाकडून खेळलाय.
एक सामना.
फलंदाजी: आली नाही.
गोलंदाजी: ३.४ षटकं, एकोणीस धावा, बळी शून्य.
नंतरचे रकाने रिकामेसुद्धा नव्हते;
नव्हतेच.

'पाऊस,' तो म्हणाला.
तोवर चहा बशीत ओतायला शिकला होता.
बेलफास्टला चौथं षटक, चार चेंडू झालेले,
पंचांनी वर पाहिलं.
लोक छत्र्या उघडून बसूनच राहिले,
हा सीमेजवळ पँटला हात पुसत उभा.
पुन्हा खेळ झाला नाही.
पुढच्या मालिकेला दुसरा कुणी होता, उंच.
आईनं पेपरच्या दोन प्रती घेतल्या होत्या;
एकीची घडी अजून मोडलेली नाही.

मी हिशेबाचा माणूस,
अर्धी राहिलेली ओळ मला सोसत नाही.
म्हटलं, साहेब, दोन चेंडू बाकी आहेत.
रमजान म्हणाला, मंग टाका ना भो,
इथं कुठला येतो पाऊस?
पंचेचाळीस डिग्री. सातपुडा धुरकट.

यष्टी म्हणून क्रेट उभं केलं.
पट्टी त्यानं माझ्या हातात दिली, बूट आवळले,
मोजून अकरा पावलं मागे गेला,
वाकून जमिनीला बोट लावलं.
पोट सुटलेलं, गुडघा कुरकुरणारा,
पण हात वर गेला तेव्हा
बायांनी नळ बंद केले.

रमजाननं डोळे मिटून फिरवली.
चेंडू शेडवरून, ड्रीपच्या नळ्यांवरून
नेहेत्यांच्या बागेत, चार हजार खोडांत.
अंधार पडेस्तोवर शोधला.
कोकळे स्वतः वाळक्या पानांत गुडघ्यांवर,
शर्टाला चीक, न निघणारा;
हसत होता की काय, कळेना.
दुसरा चेंडू कुणाकडे नव्हता,
रावेरला मिळाला असता.
पहाटे त्याची गाडी होती.

परवा कंटेनर भरला. फॉर्मवर
शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: ३.५
मुंबईहून ऑफिसचा फोन: वायकोळे, हे काय?
तापमान साडेतेरा पाहिजे,
साडेतीनवर सगळा माल काळा पडेल!
म्हटलं, ते तापमान नाही.
मग?
मागे कंप्रेसरची घरघर, ड्रायव्हरची घाई.
म्हटलं, एक बाकी आहे.
काय बाकी आहे?
जाऊ द्या साहेब, खोडतो.

खोडलं नाही.