मंडपवाल्याचे पंखे

तितूर परत गेली पहाटे,
कुणाला न सांगता, आली होती तशीच.
चाळीसगावच्या आमच्या गल्लीत तिनं मागे ठेवला
चार बोटं गाळ,
डाव्या पायाची एक चप्पल
आणि आमच्या देवळीत, दिव्याच्या जागी,
न फुटलेलं एक अंडं.

पहिले तीन दिवस फक्त उपसणं.
घमेलं, खराटा, घमेलं.
कोकिळा मोजत होती, साठानंतर तिनं सोडून दिलं.
गादी उचलायला चौघं लागले.
पाणी प्यायलेला कापूस माणसासारखा जड होतो,
मधेच वाकतो, हातातून निसटतो.
गल्लीतले लोक वाट देऊन उभे राहिले
आणि कुणी तरी सवयीनं हात जोडले.

हिलाल मिस्तरी आला. बोटाच्या पेरानं
भिंत वाजवत गेला या टोकापासून त्या टोकापर्यंत,
टरबूज घेताना वाजवतात तशी.
पोकळ, म्हणाला. इथंही.
मी विचारलं, रंग कधी देता येईल?
दिवाळी पाच आठवड्यांवर होती.
"भिंतले घाई करू नको, भाऊ.
ती पानी पीसन बठेल से.
तिना टाईमवर सोडी."

मग छिन्नी.
पाणी चढलं होतं त्याच्याही वर हातभर
सगळा गिलावा उतरवला.
बत्तीस वर्षं या विटांना पाठ टेकून जेवलो,
भेटलो आत्ता.
उभी लावलेली एक वीट, तिच्यावर
कुत्र्याच्या पावलाचा ठसा:
ओली असताना कुणी तरी तिच्यावरून चालत गेलेलं,
भट्टीआधी, आमच्याआधी.

पंखे भटू मंडपवाल्याचे.
लग्नांचे दिवस नव्हते, स्वस्तात दिले.
सहा उभे पंखे, वायर वरच्या मजल्यावरून घेतलेली,
एकाच्या जाळीत चमकीचा कागद अडकलेला.
रिकाम्या खोलीत रात्रभर
ते माना फिरवत राहायचे,
वऱ्हाड कुठे अडकलं बघत.

कागद दोरीवर, चिमट्यांनी.
घरपट्टीच्या पावत्या, पोरीची बारावी.
रेशनकार्ड कोकिळानं तव्यावर शेकलं,
मंद आचेवर, कळण्याच्या भाकरीसारखं उलटून.
तिचं वय राहिलं, माझं पुसलं गेलं.
"बरं झालं," ती म्हणाली,
कशाबद्दल ते नाही सांगितलं.

रऊफभाई पिंजाऱ्यानं कापूस चार दिवस
गच्चीवर उन्हात पसरला,
मग म्हणाला, निम्मा गेला.
निम्म्यात नवा घालून गादी भरली.
अजून झोपताना कळतं
जुना कुठे संपतो ते.

रोज रात्री भिंतीला पॉलिथिनचा चौकोन,
चारही कडांना चिकटपट्टी. हिलालनं सांगितलेलं.
रोज सकाळी आतून थेंब.
विटांवर पांढरा लोणा फुटला.
बोटावर घेऊन जिभेला लावला: खारट.
नदी तर गोड्या पाण्याची.
मीठ आमचंच होतं, इतकी वर्षं आत.

दिवाळीला उघड्या विटांसमोर पणत्या लावल्या.
पाहुणे बसले, भिंतीकडे न बघता
फराळाची तारीफ करत.

तुळशीचं लग्न लागलं
आणि दुसऱ्याच दिवशी भटू टेम्पो घेऊन हजर.
भडगाव, पाचोरा, तारखा भरल्या होत्या.
पंखे गेले, माना एका बाजूला कलंडलेल्या.
कुणाच्या तरी पंगतीवर
आमच्या भिंतीचा थोडासा वास
वरणभातात मिसळला असेल.

त्या रात्री घरात इतकं शांत
की झोप लागेना.
उठलो, अंधारात भिंतीवर तळहात ठेवला.
गार.
पण ओल की थंडी, हाताला कळेना.
कोकिळा आली, काही न विचारता
गाल टेकवून उभी राहिली,
दारामागे कुणाचं बोलणं ऐकावं तशी,
बराच वेळ.
"थंडी," म्हणाली,
आणि पांघरूण आणायला गेली.