भोकांचं कापड

वडगावात माझे दोन माग, एक बंद.
दुसरा चालतो तेव्हा शेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.
चाळीस वर्षं मी एकच गोष्ट सांभाळली,
कापडात भोक पडू दिलं नाही.
साडीला एक जरी घर सुटलं
की शेटजी ती उजेडात धरायचा,
बोट घालून दाखवायचा,
आणि मजुरीतनं बारा रुपये कापायचा.

शिवलीला माझ्या साडूची मुलगी, कॉलेजात शिकते.
म्हणाली, काका, एक जाळी विणून द्या,
चिगुळ्याच्या डोंगरावर धुकं धरायचंय.
मी हसलो. धुकं काय म्हैस आहे, दावं लावायला?
तरी विणली. सवयीनं विणली,
दोरा दोऱ्याला चिकटून, इरकलीच्या काठासारखी घट्ट.

जांबोटी सुटली तशी गाडीची काच पांढरी झाली.
लुमाण्णा गावड्यानं बांबू रोवून ठेवले होते.
रात्री माघातलं धुकं गोव्याच्या दरीतनं चढून आलं,
माझ्या कापडापाशी थांबलं,
आणि बंद दारावरनं पाहुणा परतावा तसं
दोन्ही अंगांनी वळसा घालून निघून गेलं.
सकाळी खालची पन्हळ कोरडी.
एक नाकतोडा तेवढा बसलेला.

लुमाण्णा काही बोलला नाही. विडी विझवली,
मला कारवीच्या रानात नेलं.
"ह्येच्याकडं बघा की जरा."
दोन झुडपांच्या मधे कोळ्याचं जाळं.
जाळं कसलं, बहुतेक सगळी हवाच,
मधनं पोटापुरता दोरा.
वारा आरपार जायलाय
आणि जाता जाता थेंब ठेवून जायलाय.
चष्मा पुसून परत बघितलं.
दोरा एकसारखा नव्हता, मधे मधे फुगीर, खरबरीत,
आणि गुळगुळीत भागावरचं पाणी
आपणहून त्या फुगाऱ्याकडं सरकायलंय,
पंगत बसल्यावर माणसं सरकतात तसं.
माझ्या हातनं असं सूत निघालं असतं
तर बापानं धोटा फेकून मारला असता.

घरी आलो. आता भोक विणायचं होतं.
सोपं नाही, सांगतो.
हात आपोआप ठोकायचा, फणी आपोआप आवळायची.
तीनदा उसवलं.
बायको म्हणाली, या वयात काम बिघडवायला शिकायलाय काय?
शिवलीलेनं बारीक वाळू चाळून
नायलॉनवर टिकल्या टिकल्यांनी चिकटवली.

दुसऱ्या खेपेला पन्हळीखाली घागर ठेवली.
रात्रभर ऐकत पडलो.
एक टप्. मग बराच वेळ काही नाही.
मग टप्. टप्.
इतक्या सावकाश चालणारं काही
मी मागापाशी कधी ऐकलं नव्हतं.

पहाटे दीड घागर. दीडच.
शिवलीलेच्या वहीत आठ लिहिलेल्या होत्या,
तिनं पेन्सिल कानाला खोचली आणि गप्प बसली.
लुमाण्णाची बायको पार्वताक्का आली,
बोट बुडवून चाटलं, म्हणाली, "गोडं हाय."
अर्धी घागर चुलीकडं गेली,
एक तांब्या रेडकाला.

चहा पिताना लुमाण्णा म्हणाला,
"गोव्यातनं चढलं, कर्नाटकात पडलं,
वडगावच्या कोष्ट्यानं धरलं.
कोर्टात कुणी विचारलं तर?"
"आधी पिऊन टाक," मी म्हणालो,
"पुरावा राहायला नको."

निघताना बघितलं,
चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एका कोळ्यानं
माझ्या विणीला लागून आपलं जाळं घातलं होतं.
मी ते काढलं नाही.
आठ पाय पसरून, ऊन येईल त्या बाजूला तोंड करून,
तो माझं काम बघत बसला असेल.
कापू दे बारा रुपये.