नांगर

सरपंच म्हणाले, घाटावर नांगर बसवायचा, सिमेंटचा,
इस्तारी मारबतेच्या नावानं.
मी गवंडी. मला नांगर माहीत होता.
दोन दिवसांत सळई वाकवली, फाळ काढला,
रुमणं, मूठ, सगळं मापात.

भिवराबाई काठी टेकत आली, बघितलं,
आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली
की ठसका लागला.
"बाबू, हा जमिनीचा. त्यायचा पाण्याचा होता."
मग राखेत बोटानं काढून दाखवला:
एक दांडा, दोन वाकडे हात,
वर कडी.
समुद्र तिनंही पाहिला नव्हता.
नवऱ्याच्या दंडावर गोंदलेला पाहिला होता,
चाळीस वर्षं, डोंग्यातून मासोळ्या उतरवताना.

छेचाळीस साली मोहफुलं वेचून झाल्यावर तो परतला.
पेटी नाही, पगार नाही, टोपीसुद्धा काढून घेतलेली.
गावाला वाटलं, चोरी केली असंल.
त्यानं गुमान जाळं विणायला घेतलं.
कशावरून बिनसलं, कुणी विचारलं तर म्हणायचा,
डाळीत खडे होते.
एवढंच.
घरची डाळही आधी बोटानं चाचपायचा,
आणि भिवराबाई दर वेळी रागवायची.

नाव कोरायच्या आधी सभा भरली.
झेंडे किती काढायचे?
एक म्हणाला, एकच पुरे.
दुसरा हिरव्यावर अडला, तिसरा लालावर.
भिवराबाई मागं बसून शिंगाडे सोलत होती.
"तीन होते," म्हणाली. "एकाच काठीवर.
झोपेत मोजायचा. दोनावर थांबला का जागा व्हायचा."

सभा चहावर उठली. ठराव नाही.
मी नांगरामागं तीन उघड्या सळया सोडल्या,
पुढं कधी ठरलंच, तर असाव्या.

मग धरणाचं पाणी चढलं.
आता भादव्यात अकरा पायऱ्या बुडतात,
नांगर कमरेइतक्या पाण्यात उभा,
दांड्यावरच्या नावातलं 'मारबते' खाली जातं,
नुसता 'इस्तारी' वर.
पोरं पोळ्याच्या शिंगांचा उरलेला निळा पेंट
आणून फासतात त्याला.
झेंडे अजून नाहीत.
सळयांना ढिवर आपले डोंगे बांधतात.
रात्री वारा सुटला की दोर ताणतो, करकरतो.
सळई हलत नाही. माझं काम आहे.

पहिला नांगर माझ्या अंगणात पडून आहे.
मुठीवर कोंबडी बसते.